डॉक्टरांच्या गुरूंची शाळा

काही वर्षांपूर्वी पित्ताशयातील खड्यांनी उचल खाल्ली आणि एका वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात मला आठ दिवस मुक्काम करावा लागला. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहणे हा धर्मगुरूच्या नित्यक्रमाचा भाग. खाटेवर पडून उभ्या माणसांकडे पाहण्याचा प्रसंग मात्र माझ्यावर प्रथमच आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी विभागप्रमुख दहाबारा विद्यार्थ्यांचा ताफा घेऊन राउंडला आले. त्यांनी माझ्या अंगावरची चादर दूर केली आणि माझ्याकडे न पाहताच एका मुलाला विचारले, "बोल, हाताला काय लागतंय?" मुलगा गोंधळला. त्याने काहीतरी पुटपुटले. "बारावीचे मार्क कुठून आणलेस रे?" असे म्हणून साहेब हसले, मग सगळेच हसले. त्यानंतर एकामागून एक हात माझ्या पोटावर दाबत गेले. दुखते का, असे कोणी विचारले नाही. त्या मुलाचे कान लाल झालेले मला खालून स्पष्ट दिसत होते.

त्याच संध्याकाळी त्याच विभागातील एक तरुण डॉक्टरीणबाई त्याच मुलाला घेऊन परत आल्या. "फादर, यानं तुमचं पोट तपासलं तर चालेल का? नको वाटलं तर तसं सांगा," त्या म्हणाल्या. मी होकार दिला. त्यांनी त्याला स्टुलावर बसवले, हात चोळून गरम करायला सांगितले, त्याचा तळवा माझ्या बरगडीखाली ठेवून मला श्वास घ्यायला लावला. मग त्याला विचारले, काय लागले, काय लागले नाही, आणि खात्री किती आहे? मुलगा बरोबर बोलला. सकाळचे पोट आणि संध्याकाळचे पोट एकच होते.

दोन दिवसांनी मी बाईंना सहज विचारले, हे कुठे शिकलात? त्या हसल्या. "आधी मीही साहेबांसारखीच शिकवायचे, फादर. मला जसं शिकवलं गेलं तसंच. मग बढतीसाठी लागतं म्हणून तीन दिवसांच्या एका कार्यशाळेला बसवलं. नाइलाजानेच गेले होते." डॉक्टरांना शिकवणाऱ्यांचीही एक शाळा असते, हे मला तेव्हा प्रथम कळले. घरी परतल्यावर विश्रांतीच्या दिवसांत या शाळेचा इतिहास मी शक्य तितका धुंडाळला. तोच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

सेमिनरीत लॅटिन घोकलेल्या माणसाला एका गोष्टीची मौज वाटल्यावाचून राहत नाही. 'डॉक्टर' हा शब्द 'दोचेरे' म्हणजे शिकवणे या क्रियापदापासून आला आहे. डॉक्टर म्हणजे मुळात शिक्षक. ग्रीकांच्या हिपॉक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही आपल्या गुरूच्या मुलांना ही विद्या मोबदला न घेता शिकवीन, असे वचन आहे. परंतु शिकवायचे कसे, हे शिकण्याची गरज या व्यवसायाला शतकानुशतके जाणवली नाही. जो उत्तम जाणतो तो उत्तम शिकवतो, असे गृहीतच धरलेले होते.

आपल्याकडची उदाहरणे पाहू. मुंबईत 1826 साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा निघाली. शिक्षण मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी भाषांतून होते. स्वतः मॅक्लेनन यांनी वैद्यकीय ग्रंथ मराठीत आणण्याचा खटाटोप केला. सहा वर्षांत, 1832 मध्ये, ती शाळा बंद पडली. पुढे 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय त्याला जोडलेले होते. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड. विद्यार्थ्याने ग्रंथ पाठ करून भागणार नाही, त्याने खाटेजवळ उभे राहून शिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. 1851 साली या कॉलेजातून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत डॉ. भाऊ दाजी आणि डॉ. आत्माराम पांडुरंग ही नावे महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण त्याच आठांत होझे कामिलो लिस्बोआ, सेबास्टियन कार्व्हालो आणि पॉल फ्रान्सिस गोम्स ही तीन नावेही आहेत, हे आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते. लिस्बोआ हे गोव्याचे सुपुत्र. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणूनही त्यांनी नाव कमावले. भाऊ दाजी तर वैद्यक शिकण्यापूर्वी एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षक होते. म्हणजे शिकवण्याचा अनुभव घेऊन कॉलेजात आलेला निदान एक माणूस त्या बाकांवर, विद्यार्थ्यांच्या बाजूला, बसला होता!

आपल्या धर्मग्रामांत शिक्षक-शिक्षिकांची वाण कधीच नव्हती. कितीतरी घरांत आजीपासून नातीपर्यंत तीन पिढ्या खडू हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना हे वेगळे सांगायला नको की पहिलीच्या वर्गाला पाढे शिकवण्यासाठी डी.एड. करावे लागे, पाठाचे टाचण काढावे लागे, पर्यवेक्षकासमोर पाठ घ्यावा लागे. माणसाचे हृदय उघडून दाखवणाऱ्या प्राध्यापकाला मात्र असे काहीही करावे लागत नव्हते. त्याची पदवी मोजली जाई, त्याचे शोधनिबंध मोजले जात, अनुभवाची वर्षे मोजली जात. वेल्लोरचीच गोष्ट घ्या. डॉ. आयडा स्कडर यांनी 1918 साली मुलींसाठी काढलेली वैद्यकशाळा जेव्हा पदवी महाविद्यालयात रूपांतरित करावी लागणार असे ठरले, तेव्हा उच्च पदव्या असलेले अध्यापक आणि त्यासाठी लागणारा पैसा जमवण्याकरिता सत्तरी ओलांडलेल्या आयडाबाई अमेरिकेत दारोदार फिरल्या. ते धाडस थोरच. पण मागणी होती ती पदव्यांची. त्या पदवीधरांना शिकवता येते काय, हा प्रश्न नियमावलीत नव्हता.

अमेरिकेतही निराळे चित्र नव्हते. 1910 साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा सुप्रसिद्ध अहवाल कार्नेगी फाउंडेशनने प्रसिद्ध केला. अमेरिका आणि कॅनडा येथील 155 वैद्यकीय विद्यालये पाहून त्यांनी तो लिहिला आणि त्यातील कितीतरी दुकाने त्यानंतर बंद झाली. गंमत अशी की फ्लेक्सनर डॉक्टर नव्हतेच. लुईव्हिल गावी स्वतःची खाजगी शाळा चालवणारे ते मास्तर होते. मुलाने हाताने करून शिकावे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही त्यांच्या अहवालाने जो आदर्श रूढ झाला तो प्रयोगशाळेत रमणाऱ्या पूर्णवेळ संशोधक-प्राध्यापकाचा. शिकवणे हे त्या विद्वत्तेच्या मागोमाग आपोआप चालत येईल, अशी समजूत पुढची चाळीस वर्षे टिकली.

ती समजूत प्रथम गांभीर्याने हलली ती न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरात. नायगारा धबधब्याजवळचे हे हिमवृष्टीचे शहर. तेथील विद्यापीठात डॉ. जॉर्ज मिलर हे औषधवैद्यक शिकवीत. 1950 च्या दशकाच्या मध्याला त्यांनी आपल्या विद्यापीठातील दोन परक्या माणसांशी सूत जमवले. एक नॅथानिएल कँटर, समाजशास्त्राचे प्राध्यापक. दुसरे स्टीफन अब्राहमसन, शिक्षणशास्त्राचे. कँटर यांचे 'द डायनॅमिक्स ऑफ लर्निंग' हे पुस्तक 1946 साली निघाले होते. शिक्षक बोलला म्हणजे विद्यार्थी शिकला, असे होत नाही, शिकण्याचे काम शिकणाऱ्यालाच करावे लागते, हे त्यांचे प्रतिपादन. कॉमनवेल्थ फंड या धर्मादाय संस्थेने पैसा दिला आणि वैद्यकीय शिक्षणाचा हा प्रकल्प उभा राहिला.

येथे क्षणभर थांबावयास हवे. कारण झाले ते वरवर पाहता अगदी साधे होते. नामांकित शल्यविशारद, शरीररचनाशास्त्राचे आचार्य, रोगनिदानतज्ज्ञ अशी मंडळी एका खोलीत विद्यार्थी म्हणून बसली आणि ज्याला साधी जखम बांधता येत नाही अशा शिक्षणशास्त्रज्ञाचे म्हणणे ऐकू लागली. तुम्ही विचारता त्या परीक्षेतून नेमके काय मोजले जाते? तुमच्या तासाला मुले काय करीत असतात? ती जे चुकतात ते तुम्हाला केव्हा कळते? या प्रश्नांत अवघड असे काय आहे? तरीही ज्याने वीस वर्षे शिकवले आहे त्याला ते झोंबणारच. वैद्यकीय व्यवसायात तर सल्ला नेहमी वरून खाली येतो. बाहेरच्या माणसाकडून धडा घेण्याची त्या व्यवसायाला सवय नसते. (आम्हा धर्मगुरूंनाही ती फारशी नसते, हे प्रामाणिकपणे सांगतो. धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांताने सेमिनरी काढावी असा ठराव ट्रेंटच्या महासभेने केला तो 1563 साली. तोवर ख्रिस्तसभेची दीड हजार वर्षे उलटली होती.) मिलर यांनी 1956 साली या अनुभवावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकात या उद्योगाला 'साहस' म्हटले. तो शब्द मला अतिशयोक्त वाटत नाही.

1959 मध्ये मिलर शिकागोला इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी वैद्यकीय शिक्षणाच्या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. 1961 साली त्यांचे आणि सहकाऱ्यांचे 'टीचिंग अँड लर्निंग इन मेडिकल स्कूल' हे पुस्तक आले. अब्राहमसन कॅलिफोर्नियात गेले. तेथे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी 1963 च्या सुमारास एक विलक्षण युक्ती काढली. धडधाकट माणसाला एखाद्या रोगाची लक्षणे पढवायची, त्याला रुग्ण म्हणून विद्यार्थ्यापुढे बसवायचे, आणि तपासणी संपल्यावर विद्यार्थ्याने काय विचारले, काय विसरला, हे त्यालाच नोंदवायला लावायचे. बॅरोज आणि अब्राहमसन यांनी मिळून 1964 साली ती पद्धत प्रसिद्ध केली. नाटकातला माणूस परीक्षेत आणला म्हणून तिची पुष्कळ टिंगल झाली. माझ्या पोटावरून दहाबारा हात फिरल्यानंतर मला मात्र त्या पद्धतीचे मोल पटले: खाटेवरचा माणूस बोलू शकतो, त्याचेही मत असते, ही गोष्ट कोणीतरी अभ्यासक्रमात लिहून ठेवली.

हे बीज आपल्याकडे कसे आले? दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया-आफ्रिकेतील देश एकामागून एक स्वतंत्र झाले, प्रत्येकाला डॉक्टर हवे होते, महाविद्यालये भराभर निघत होती आणि अध्यापक म्हणून कालच उत्तीर्ण झालेली मुले उभी राहत होती. जागतिक आरोग्य संघटनेने म्हणून एक साखळी बांधली. शिकागोसारख्या केंद्रात काही जणांनी तयार व्हावे, त्यांनी आपापल्या विभागात केंद्र काढावे, त्या केंद्रातून राष्ट्रीय केंद्रे निघावीत, आणि तेथून महाविद्यालयांपर्यंत पोहोचावे. आपल्या विभागासाठी श्रीलंकेतील पेरादेनिया आणि थायलंडमधील चुलालाँगकॉर्न विद्यापीठ येथे अशी केंद्रे झाली. भारतातील पहिले राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र 1970 च्या दशकाच्या मध्यात पाँडिचेरीच्या 'जिपमेर' या संस्थेत निघाले. फ्रेंचांनी 1823 साली काढलेल्या वैद्यकशाळेची ही वारस संस्था. पुढे दिल्ली, वाराणसी आणि चंडीगढ येथेही केंद्रे झाली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीची एम्स, वाराणसीचे वैद्यकविज्ञान संस्थान, वेल्लोरचे ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय आणि जिपमेर यांनी शिकागोच्या त्याच इलिनॉय विद्यापीठाबरोबर संघ करून अभ्यासक्रमाच्या सुधारणेचे काम हाती घेतले. एम्सच्या बाबतीत हे स्वाभाविकच होते. 1956 च्या ज्या कायद्याने ती संस्था जन्मली त्यात देशातील वैद्यकीय अध्यापनाचे नमुने घडवणे हे तिचे कर्तव्य म्हणून नमूद आहे.

या कार्यशाळांत होते तरी काय? बाईंनी मला त्यांचा अनुभव सांगितला. पहिल्या दिवशी उद्दिष्टे लिहायची. 'विद्यार्थ्याला मधुमेहाची माहिती व्हावी' असे लिहिलेले चालत नाही. विद्यार्थी काय करू शकेल ते लिहायचे, म्हणजे इन्शुलीनचे इंजेक्शन कसे घ्यावे हे रुग्णाला त्याच्या भाषेत समजावू शकेल, अशा तऱ्हेने. दुसऱ्या दिवशी परीक्षा. डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी 1975 मध्ये मांडलेली, एकेका टेबलावर एकेक लहान काम ठरलेल्या मिनिटांत करून दाखवण्याची पद्धत तेथे शिकवतात. पूर्वी एकाच परीक्षकाच्या लहरीवर विद्यार्थ्याचे नशीब ठरे. या पद्धतीत सर्वांना सारखीच कामे आणि गुणांची आधीच ठरलेली यादी. आणि तिसऱ्या दिवशी सूक्ष्म अध्यापन: सात मिनिटे शिकवायचे, समोर इतर महाविद्यालयांचे प्राध्यापक बसलेले. "मी चाळीस स्लाइड नेल्या होत्या, फादर," त्या म्हणाल्या. "सात मिनिटांत नवव्या स्लाइडपर्यंत पोचले. नंतर एका वयस्कर सरांनी सांगितलं, बाई, तुम्ही सगळा वेळ पडद्याशी बोललात, आमच्यापैकी एकालाही काही विचारलं नाहीत. रात्री झोप लागली नाही मला."

मला ते ऐकून सेमिनरीतील प्रवचनाचे सराववर्ग आठवले. दहा मिनिटे बोलायचे आणि मग सहाध्याय्यांनी वाभाडे काढायचे. 'ब्रदर, तुम्ही तीन वेळा शेवट केलात,' असे मला ऐकवण्यात आले होते.

दंतवैद्यकाची कथा थोडी निराळी. त्या विद्येत हातचे काम इतके महत्त्वाचे की शिकवण्याच्या साधनांचा विचार तेथे आधी झाला. खऱ्या रुग्णाच्या तोंडाला हात लावण्यापूर्वी कृत्रिम डोक्यावर बसवलेल्या दातांवर सराव करण्याची प्रथा जुनी आहे. परंतु शिकवणाऱ्यांकडे तेथेही कोणी पाहिले नव्हते. विल्यम गीझ यांनी 1926 साली अमेरिकेतील दंतविद्यालयांचा अहवाल लिहिला तेव्हा फ्लेक्सनरप्रमाणेच त्यांनी विद्यापीठाशी जोडलेल्या भक्कम महाविद्यालयांचा पुरस्कार केला. आपल्या देशात कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली पहिले दंतमहाविद्यालय काढले, मुंबईत 1933 मध्ये नायर रुग्णालयाचे निघाले. अध्यापकांच्या प्रशिक्षणाची लाट मात्र तेथे वैद्यकाच्या मागून आली. नाशिकला 1998 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या अशा सर्व शाखा आल्या, आणि विद्यापीठाच्या प्रशिक्षण कार्यशाळांत दंतवैद्यकाचे शिक्षकही बसू लागले. दाढ काढायला बसलेल्या रुग्णासमोर विद्यार्थ्याचा हात थरथरतो तेव्हा शिक्षकाचा एक शब्द त्याला सावरू शकतो किंवा कायमचा घाबरवू शकतो. दंतवैद्याची खुर्ची आठवून पाहा, म्हणजे पटेल.

गुंटूर येथे राबलेल्या ऑस्ट्रेलियन डॉक्टर-धर्मभगिनी सिस्टर मेरी ग्लोरी यांनी 1943 साली कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालयाचे त्यांचे स्वप्न होते. 1957 साली त्या निवर्तल्या, आणि 1963 मध्ये भारतीय महागुरूंच्या परिषदेने बंगळूरला सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज सुरू केले. आपल्या दृष्टीने समाधानाची गोष्ट अशी की अध्यापकांना प्रशिक्षण देणाऱ्या विभागीय केंद्रांत पुढे त्या कॉलेजाची गणना झाली. मुंबईतही के.ई.एम. रुग्णालयाच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात 2005 साली 'फायमर' या अमेरिकन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने वैद्यकीय शिक्षकांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. त्या प्रतिष्ठानाचे ते भारतातील पहिले केंद्र. नंतर लुधियाना आणि कोइमतूर येथे आणखी दोन निघाली.

सरकारी नियमांनी या सगळ्याची दखल सावकाश घेतली. भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997 च्या नियमांत प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षणाचा स्वतंत्र कक्ष असावा असे आले. 2009 पासून परिषदेने विभागीय केंद्रे नेमून मूलभूत कार्यशाळा चालवल्या. 2019 साली नवा, कौशल्यावर भर देणारा अभ्यासक्रम लागू झाला तेव्हा देशभरच्या अध्यापकांना त्यासाठी पुन्हा वर्गात बसावे लागले. 2020 मध्ये परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग आला, आणि त्याच्या 2022 च्या नियमांनी सहयोगी प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी वैद्यकीय अध्यापनाचा मूलभूत अभ्यासक्रम आवश्यक केला. बफेलोच्या त्या खोलीपासून येथपर्यंत यायला सुमारे पासष्ट वर्षे लागली.

सक्तीचे दुष्परिणामही दिसतातच. प्रमाणपत्रापुरते बसायचे, तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी पकडायची, आणि परत जाऊन पहिले पाढे पंचावन्न, असेही होते. बाईंनीच ते सांगितले. देशात आता सातशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कित्येक ठिकाणी अध्यापकांच्या जागा रिकाम्या. जे आहेत त्यांच्यापुढे सकाळी बाह्यरुग्ण विभागात दोनशे माणसे उभी. अशा माणसाला 'विद्यार्थ्याला प्रश्न विचारा, त्याला विचार करू द्या' असे सांगणे सोपे, आणि त्याने ते करणे किती कठीण, हे मला दिसते. मिलर यांनी 1990 साली एक लहानसा लेख लिहिला. विद्यार्थ्याच्या तयारीच्या चार पायऱ्या त्यांनी पिरॅमिडच्या आकृतीत मांडल्या: त्याला माहीत आहे, कसे करावे हे माहीत आहे, तो करून दाखवतो, आणि प्रत्यक्ष कामात तो ते करतो. परीक्षा पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंत बऱ्यापैकी पोचते, चौथी अवघड. शिक्षकांनाही हीच आकृती लावता येईल. तीन दिवसांची कार्यशाळा फार तर तिसऱ्या पायरीवर नेऊन सोडते. चौथी पायरी सोमवारी सकाळच्या राउंडला, कोणी पाहत नसताना, चढायची असते.

राहता राहिले आमचे विभागप्रमुख साहेब. ते कधी कोणत्या कार्यशाळेला गेले नसावेत. त्यांच्या पिढीला ती सक्ती नव्हती, आणि आता ते निवृत्तही झाले आहेत. माझी शस्त्रक्रिया त्यांनीच केली. सूज असल्यामुळे ती अवघड होती, असे मला नंतर भूलतज्ज्ञांकडून कळले. दुसरा कोणी असता तर पोट मोठे उघडावे लागले असते. पोटावर चार बारीक छेद होते. त्यांच्या खुणा आता शोधूनही सापडत नाहीत.